मिकासा घराण्याची विदुषी: राजकन्या आकिको

30 सप्टेंबर 2025 रोजी जपानच्या राजघराण्यातील मिकासा शाखेचे प्रमुखपद राजकन्या आकिको यांच्याकडे आले. त्यांच्या आजी राजकुमारी युरिको यांचे नोव्हेंबर 2024 मध्ये वयाच्या 101व्या वर्षी निधन झाले होते आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर या शाखेचा प्रमुख कोण, हा प्रश्न अनिर्णित होता. अखेर आकिको यांच्याकडे घराण्याची धुरा सोपवण्यात आली आणि त्यांच्या मातोश्री नोबुको यांच्यासाठी वेगळी शाखा निर्माण करण्यात आली. मायलेकींमधल्या दुराव्याबद्दल जपानी वृत्तपत्रांनी पुष्कळ लिहिले आहे. त्यात शिरण्याची मला इच्छा नाही. मला आकिको यांच्याबद्दल जे मनापासून सांगावेसे वाटते ते निराळेच आहे. ज्या व्यवस्थेने स्त्रीसाठी फार थोडी जागा ठेवली आहे, त्या व्यवस्थेत राहून या बाईंनी विद्येच्या बळावर स्वतःचे स्थान निर्माण केले, आणि ती विद्या त्यांच्या घरात आजोबांपासून चालत आलेली होती.

आकिको यांचा जन्म 20 डिसेंबर 1981चा. त्या सम्राट ताइशो यांच्या पणती. वडील राजकुमार तोमोहितो हे दाढी राखणारे, परखड बोलणारे आणि अपंगांच्या खेळांसाठी व पुनर्वसनासाठी आयुष्यभर झटलेले गृहस्थ होते. कर्करोगाशी त्यांनी अनेक वर्षे झुंज दिली आणि 2007 साली आपल्या मद्यासक्तीबद्दलही ते जाहीरपणे बोलले. राजघराण्यातल्या व्यक्तीने असे बोलणे जपानमध्ये किती अपूर्व होते, हे वेगळे सांगायला नको. आई नोबुको या युद्धोत्तर जपानचे पंतप्रधान शिगेरु योशिदा यांची नात आणि पुढे पंतप्रधान झालेले तारो आसो यांची बहीण. आकिको यांना योको नावाची एक धाकटी बहीण आहे.

या घराण्याचा खरा पिंड मात्र आजोबांमध्ये दिसतो. राजकुमार ताकाहितो हे सम्राट हिरोहितो यांचे सर्वांत धाकटे बंधू. दुसऱ्या महायुद्धात लष्करी अधिकारी म्हणून ते चीनमधील नानकिंग येथील जपानी सैन्याच्या मुख्यालयात होते, आणि चीनमधील जपानी सैन्याच्या वर्तनावर त्यांनी युद्ध चालू असतानाच कठोर टीका केली. युद्ध संपल्यावर त्यांनी तोक्यो विद्यापीठात नाव घातले आणि प्राचीन पश्चिम आशियाच्या इतिहासाचा अभ्यास सुरू केला. ते हिब्रू शिकले, पुढे महाविद्यालयांतून शिकवूही लागले. दंतकथेतील पहिल्या सम्राटाच्या राज्यारोहणाचा दिवस पुन्हा राष्ट्रीय सण म्हणून साजरा करण्याची मागणी पन्नासच्या दशकात जोर धरू लागली, तेव्हा त्या तारखेला ऐतिहासिक आधार नाही, असे सांगून तिला विरोध करणाऱ्यांत प्रत्यक्ष सम्राटांचा हा भाऊ होता. जो माणूस आपल्याच कुळाच्या मूळकथेला इतिहासाचे निकष लावतो, त्याच्या नातीने इतिहासाचा ध्यास घ्यावा याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

आकिको यांचे शालेय आणि पदवीचे शिक्षण तोक्योतील गाकुशुइन या शिक्षणसंस्थेत झाले. 2001 साली त्या प्रथम ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात वर्षभरासाठी गेल्या. ऑक्सफर्डशी घराचा संबंध जुना होता, कारण वडीलही तेथे शिकलेले होते. जन्मापासून ज्यांच्या आजूबाजूला सतत रक्षक असतात, अशा मुलीला रस्त्यावरून एकटीने चालण्याचा अनुभव आयुष्यात प्रथम तेथे मिळाला. त्यांनी लिहिलेल्या ऑक्सफर्डच्या आठवणींतील मला सर्वांत भावलेला भाग हाच आहे. राजकन्येचे जीवन म्हटले की आपल्याला वस्त्रालंकार आणि समारंभ दिसतात. पण दुकानात जाऊन स्वतःची भाजी स्वतः विकत घेण्याची मोकळीक ज्यांना कधी मिळालेली नाही, त्यांच्या दृष्टीने तीच मोकळीक केवढी मोठी असेल! इंग्रजीची अडचण होती, चर्चासत्रांतले बोलणे सुरुवातीला नीट उमगत नसे, तरीही 2004 साली पदवी घेतल्यानंतर त्या डॉक्टरेटसाठी पुन्हा तेथेच गेल्या.

त्यांनी निवडलेला विषय मोठा रसाळ आहे. एकोणिसाव्या शतकात जपानी कलावस्तू ब्रिटनमध्ये कशा गोळा झाल्या आणि ब्रिटिश म्युझियमने त्या कशा मांडल्या, याचा शोध त्यांनी घेतला. विल्यम अँडरसन नावाचे एक शल्यवैद्य 1873 ते 1880 या काळात तोक्योत जपानी नौदलाच्या वैद्यकीय विद्यालयात शिकवत होते. त्यांनी तेथे जपानी आणि चिनी चित्रांचा प्रचंड संग्रह केला आणि 1881 मध्ये ब्रिटिश म्युझियमने तो विकत घेतला. डॉक्टरांना कोणती चित्रे घ्यावीशी वाटली, कोणती नाही, त्यांची वर्गवारी कोणत्या समजुतीने झाली, आणि त्या वर्गवारीतून इंग्लंडमधल्या लोकांच्या मनात जपानचे कोणते चित्र उभे राहिले, असे हे प्रश्न आहेत. एखाद्या देशाची ओळख परक्यांच्या कपाटांत कशी घडते, हे त्या देशाच्या राजघराण्यातील मुलीने त्या कपाटांपाशी बसून तपासावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

याच संग्रहालयात होर्युजी या जपानमधील प्राचीन बौद्ध मंदिरातील भित्तिचित्राची एकोणिसाव्या शतकात केलेली एक प्रतिकृती आहे आणि तिच्यावरही आकिको यांनी संशोधन केले. होर्युजीची मूळ चित्रे जानेवारी 1949 मध्ये आगीत होरपळली, त्यामुळे अशा जुन्या प्रतींना आता मूळ साधनाचेच महत्त्व आले आहे. त्या आगीतूनच पुढच्या वर्षी जपानचा सांस्कृतिक वारसा संरक्षणाचा कायदा जन्माला आला. मराठी वाचकाला येथे अजिंठा आठवल्यावाचून राहणार नाही, आणि तो संबंध ओढूनताणून आणलेला नाही. होर्युजीच्या चित्रांची तुलना अभ्यासक अजिंठ्याशी फार पूर्वीपासून करत आले आहेत. जपानी चित्रकार कांपो आराई यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अजिंठ्याला येऊन तेथील चित्रांच्या प्रती केल्या होत्या. त्या प्रती 1923च्या भूकंपात तोक्योत नष्ट झाल्या, जशा त्याआधी रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने केलेल्या अजिंठ्याच्या बहुतेक प्रती 1866 मध्ये लंडनमधील एका आगीत गेल्या होत्या. हेच आराई पुढे होर्युजीच्या प्रती करण्याच्या कामातही होते.

2010 साली आकिको यांना डॉक्टरेट मिळाली. जपानच्या राजघराण्यातील स्त्रीला मिळालेली ही पहिलीच डॉक्टरेट. वडील जून 2012 मध्ये वारले आणि आकिको यांचे ऑक्सफर्डच्या आठवणींचे पुस्तक 2015 मध्ये निघाले. पुढे 2023 साली एका वाचकाने समाजमाध्यमावर त्याची मनापासून स्तुती केली, मागणी वाढली, आणि 2024 मध्ये त्याची छोट्या आकाराची आवृत्ती निघून ती जपानमध्ये घरोघरी पोहोचली. पुण्यात जपानी उत्तम जाणणारी इतकी मंडळी आहेत; त्यांच्यापैकी कोणी हे पुस्तक मराठीत आणले, तर मी ते आनंदाने विकत घेईन.

ऑक्सफर्डहून परतल्यावर त्यांनी क्योतोत संशोधन आणि अध्यापन केले. 2012 मध्ये त्यांनी शिनयूशा ही संस्था काढली. ही संस्था मुलांना मंदिरांत आणि देवस्थानांत नेऊन पारंपरिक मिठाई बनवण्यासारख्या गोष्टी प्रत्यक्ष करायला लावते. तुर्कस्तानशी आजोबांचे जडलेले नातेही त्या सांभाळतात. तेथील कामान-कालेहोयूक या प्राचीन स्थळी चालणाऱ्या जपानी उत्खननाचा आरंभ 1986 मध्ये आजोबांच्या हस्ते झाला होता, आणि जपान-तुर्कस्तान संघाचे अध्यक्षपद आज आकिको यांच्याकडे आहे.

आता राहिला कायद्याचा भाग, आणि तेथे मला अस्वस्थ वाटते. 1947च्या राजघराणे कायद्यानुसार सिंहासनावर फक्त पुरुषवंशातील पुरुषांचाच अधिकार आहे, आणि सामान्य नागरिकाशी विवाह करणाऱ्या स्त्रीला राजघराणे सोडावे लागते. 2021 साली सम्राट नारुहितो यांच्या पुतणी राजकन्या माको यांनी विवाह केला तेव्हा हेच घडले. 2025 मध्ये राजघराण्यात सोळाच व्यक्ती होत्या आणि त्यांत पाच अविवाहित स्त्रिया. विवाहानंतरही स्त्रियांचा दर्जा कायम ठेवावा का, यावर तेथील संसदेत पक्षांची चर्चा चालू आहे. एदो काळाच्या (1603–1868) अखेरीस राजकन्या सुमिको कात्सुरा शाखेच्या प्रमुख झाल्या होत्या, पण 1881 मध्ये त्यांच्या निधनाबरोबर ती शाखाच संपली. कायदा आहे तसाच राहिला, तर मिकासा शाखेपुढेही आकिको आणि योको या दोघी बहिणींनंतर कोणी नाही. ज्या घराण्याने एक प्राच्यविद्यापंडित आणि एक कलेतिहासकार देशाला दिली, त्या घराण्याची ही स्थिती केवळ मुली जन्मल्या म्हणून व्हावी, हे मला अन्यायाचे वाटते, आणि तो नियम जपानने बदलावा असे माझे स्पष्ट मत आहे.