नाशिकच्या वह्यांत पणजोबा शोधताना

रामकुंडावर पोचलं की पहिला प्रश्न येतो, "मूळ गाव कोणतं?" आडनाव त्यानंतर. तीर्थोपाध्यायांच्या घराण्यांत यजमान गाव, आडनाव, जात यांवरून वाटलेले असल्यामुळे सध्याच्या पत्त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. आपले उपाध्ये कोण, हे घाटावर दोन-तीन ठिकाणी विचारलं की कळतं. नामावळीच्या वह्या, म्हणजे आलेल्या यात्रेकरूंची नावं नोंदलेल्या वह्या, बऱ्याचदा त्यांच्या घरी असतात, म्हणून अख्खा दिवस हाताशी ठेवावा. सिंहस्थात किंवा पितृपक्षात तर जाऊच नये, गुरुजींना मान वर करायला फुरसत नसते. दक्षिणेचं आधीच बोलून घ्यावं.

वहीत वंशवृक्ष काढून ठेवलेला असेल ही समजूत मात्र घरीच सोडून निघा. ती भेटींची नोंद आहे. आलेला माणूस, वडील, आजोबा, भाऊ, मुलगे, तिथी, खाली सही. जी शाखा यात्रेला आलीच नाही ती वहीतही नाही. आजोबांचं नाव नातवाला ठेवायच्या रिवाजामुळे 'रामजी बिन गोविंदजी' दर दोन पिढ्यांनी पुन्हा भेटतो. तेव्हा नुसत्या नावावर विसंबू नका, भावांची नावं आणि शकही जुळवा. 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको.

जुनी पानं मोडीत असतात. आधी ओळभर रेघ, मग तिला लटकलेली अक्षरं. शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. वाचता येत नसेल तर परवानगी काढून सावलीत, वरून सरळ फोटो घ्या आणि जाणकाराकडून वाचून घ्या. थुंकी लावून पान उलटू नका, काजळीची शाई ओलाव्याने पसरते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, फसलीत, म्हणजे जुन्या महसुली वर्षात, ५९०. शक १८०२ आणि फसली १२९० दोन्ही साधारण १८८०. वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, त्यामुळे एकाचा फरक पडतो.

खरं तर नाशिक शेवटी ठेवावं. आधी माळ्यावरची पितळी भांडी उतरवा, त्यांवर ठिपक्यांनी कोरलेलं नाव आणि तारीख चिंचेने घासली की दिसते. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीबदलाच्या नोंदी, आणि गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक, मागा. 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर काही जिल्ह्यांचे जुने कागद घरबसल्या मिळतात. वारसाच्या फेरफारात मयताचे सगळे वारस एका जागी सापडतात, मुलीसुद्धा कधीकधी. कोतवाल बुकात बाळाच्या नावाने शोधणारे रिकाम्या हाती परततात, कारण बारशाआधीच नोंद झालेली असते आणि तिथे नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' लिहिलेलं असतं. बापाचं नाव धरून शोधा.

आडनाव मध्येच बदललेलं निघालं तर गडबडू नका. गावावरून पडलेली '-कर' आडनावं आणि दत्तकविधान, दोन्ही तपासा.

निघताना गुरुजी आपलीही नोंद करायला सांगतात. घरातल्या बायकांची नावं माहेरच्या गावासकट लिहा. जुन्या पानांत नेमकी तीच मिळत नाहीत.