शेवटून दुसरा आकडा

लिव्हर-ॲक्शन, म्हणजे चापाखालची लिव्हर खाली-वर करून काडतूस भरायची रायफल तपासायला आली की बहुतेक लोक आधी नळीत डोकावतात. मी आधी स्क्रूंची डोकी पाहतो, कारण त्यांच्या खाचा चेमटलेल्या असतील तर चुकीच्या मापाचा पेचकस घेऊन कोणीतरी आत हात घालून गेले आहे, हे तिथेच कळते. गेल्या पावसाळ्यात राधानगरी तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने कोल्हापूरला माझ्याकडे आणलेल्या विंचेस्टर ९४ या अमेरिकन रायफलीचे स्क्रू निर्दोष होते. पण ज्या भोकांत ते बसतात त्यांच्या कडा बशीसारख्या खोलगट झाल्या होत्या. याचा अर्थ एकच होतो. ज्याने ती खोलली त्याचा हात कसलेला होता, त्याने स्क्रू नीट काढून बाजूला ठेवले आणि मग रिसीव्हर, म्हणजे यंत्रणा ज्यात बसते तो लोखंडी सांगाडा, चकाकी आणणाऱ्या बफच्या चाकावर दाबून धरला.

रायफल आजोबांची, नंतर वडिलांची. वडील वारल्यावर ती पोलीस ठाण्यात अनामत होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच हत्यारे बाळगता येतात, वारसाने आलेल्या हत्यारालाही ती मर्यादा लागू आहे, आणि या तरुणाच्या नावावर बारा बोर बंदूक आणि .३१५ रायफल आधीच होत्या. त्यामुळे विकण्यावाचून इलाज नव्हता. परवानगीचे कागद व्यवस्थित होते. सांगलीहून खरेदीदारही आले होते आणि त्या गडद, एकसारख्या काळ्या-निळ्या रंगावरून त्यांची नजर हलत नव्हती. १९८० च्या दशकात खासगी आयात जवळजवळ बंद झाल्यापासून परदेशी बनावटीच्या जुन्या रायफलींना आपल्याकडे जो भाव येतो, त्याचा तिच्या स्थितीशी फारसा संबंध उरलेला नाही, आणि ही गोष्ट मला या धंद्यात सर्वांत जास्त खुपते.

“आजोबांनी हिनं दाजीपूरच्या अंगाला गवा पाडला होता म्हणत्यात, काका,” तो तरुण म्हणाला. थर्टी-थर्टी हे या रायफलीचे काडतूस हरणाएवढ्या जनावरासाठी आहे, गव्यासाठी नव्हे. पण त्यावर मी काही बोललो नाही. “१९२० सालची हाय,” असे तो म्हणाला तेव्हा मात्र मला बोलावे लागले. दहा लाख क्रमांकाची ९४ कंपनीने १९२७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांना भेट दिली होती आणि या रायफलीचा नंबर सात आकडी होता. शिवाय नळीवर ‘नॉट इंग्लिश मेक’ असा शिक्का होता. १९२५ ते १९५५ या काळात परदेशी बनावटीच्या हत्यारांवर ब्रिटिश प्रूफ हाऊस, म्हणजे हत्यारांची चाचणी घेणाऱ्या संस्था, तो मारत असत. म्हणजे ती इंग्लंडमार्गे आली होती आणि १९२० ची नक्कीच नव्हती.

यंत्रणा तपासताना मला मनापासून आनंद झाला. जॉन ब्राउनिंग यांची ही रचना शंभर वर्षांनंतरही हाताला पटते: लिव्हर खाली ओढली की नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या बोल्टच्या पाठीमागचा लॉकिंग ब्लॉक उभ्या खाचेतून खाली सरकतो, मग बोल्ट मागे येतो, रिकामे कवच वरून बाहेर फेकले जाते आणि मॅगझिनमधून आलेले पुढचे काडतूस कॅरिअर नावाचा भाग उचलून चेंबरसमोर, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागेसमोर, धरतो. मी डमी काडतुसे भरून लिव्हर आधी सावकाश आणि मग झटक्याने चालवली. एकही अडकले नाही. घोडा अर्ध्यावर ठेवून अंगठ्याने जोरात पुढे रेटला, तो जागचा हलला नाही. लिव्हर दस्त्याला पूर्ण टेकलेली नसताना चाप ओढला, त्याने घोडा सोडला नाही. थर्टी-थर्टीचे काडतूस आपल्या बुडाच्या कडेवर टेकून बसते, म्हणून हेडस्पेसचे, म्हणजे बोल्ट आणि काडतुसाचे बूड यांच्यासाठीच्या जागेचे, मापही त्या कडेवरूनच घ्यावे लागते. किमान मापाच्या ‘गो’ गेजवर बोल्ट पूर्ण मिटला आणि जास्तीच्या मापाच्या ‘नो-गो’वर मिटला नाही, म्हणजे माप बरोबर होते. दस्ता जिथे लोखंडाला मिळतो तिथे मागच्या बाजूला बहुतेक जुन्या रायफलींना बारीक तडा असतो, तोही इथे नव्हता.

नळी पाहून मी चकित झालो. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटचा जळल्यावर क्षार होतो, तो हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि गरम पाण्याने धुतला नाही तर पोलादाला खड्डे पाडतो. राधानगरीच्या पावसात अशा नळ्या आतून सडलेल्या मी कितीतरी पाहिल्या आहेत. इथे सहाही आटे चेंबरपासून स्पष्ट होते. आजोबांनी दर वेळी ती नळी धुतली असणार. त्या धुण्याची किंमत मात्र नळीच्या तोंडाने मोजली होती. ९४ चा बोल्ट काढायचा म्हणजे अर्धी रायफल सुटी करावी लागते, म्हणून लोक सळई तोंडाकडूनच घालतात आणि सळईला चिकटलेली कचकच तिथले आटे हळूहळू खाते. आट्यांच्या माथ्यावरचे मूळ माप .३०० इंच असते, माझा .३०४ चा पिन-गेज, म्हणजे ठरावीक जाडीची मोजणीची सळई, तोंडातून सहज आत गेला आणि पाऊण इंचावर जाऊन अडकला. हा दोष दुरुस्त होणारा आहे. झिजलेला भाग आतून रुंद करून चांगल्या आट्यांपाशी नवे तोंड द्यायचे, की नेम परत मिळतो.

मग मी रायफल उलटी केली. ९४ चा नंबर रिसीव्हरच्या खालच्या अंगाला पुढे असतो, आणि ही रायफल एका हातात तोलून नेताना तळहात नेमका तिथेच येतो, त्यामुळे तो तसाही झिजतो. त्यावर बफ फिरला होता. सहा आकडे वाचता येत होते. शेवटून दुसरा ३ होता की ८, हे भिंगातून, तिरक्या उजेडात, रायफल सगळ्या बाजूंनी फिरवूनही ठरत नव्हते. आकड्याच्या डाव्या अंगाला एक पुसट रेघ दिसत होती. ती ठशाची होती की बफच्या ओरखड्याची, हे मी आजही सांगू शकत नाही. आजोबांच्या जुन्या परवाना पुस्तिकेत शाई फुटून तो ३ सारखा दिसतो आणि नव्या संगणकीय नोंदीत ८ आहे.

“आठच हाय तो, काका, लिहा की,” खरेदीदार म्हणाले. “एका आकड्यानं काय होतंय?”

ज्या हत्यारावर ओळखीच्या खुणा नीट नाहीत त्याची विक्री किंवा हस्तांतर १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ८ मध्ये बसत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही. मी रजिस्टरमध्ये ८ लिहिला आणि खरा आकडा ३ निघाला, तर कागदावर दुसऱ्याच कुठल्यातरी रायफलीचा व्यवहार होईल आणि समोरची ही रायफल कागदावर कोणाचीच राहणार नाही. मी नकार दिला. ते रागाने उठून गेले.

तरुण थांबला. “बाबांनी लै हौसेनं चमकवून घेतली होती,” तो म्हणाला. “घ्यायलाच नको होती का?” नको होती, असे मी त्याला सरळ सांगितले, आणि वडिलांनी ज्याच्याकडे ती दिली त्याच्याकडे हत्यार दुरुस्तीचा परवाना होता का, हेही विचारले. त्याला माहीत नव्हते. कोल्हापुरात लोखंडावर हात चालवणारे कारागीर पुष्कळ आहेत आणि त्यांच्या कसबाबद्दल मला आदर आहे. पण परवाना असलेल्या माणसाने हा नंबर आधी झाकला असता आणि मगच चाकाला हात लावला असता. आजोबांच्या धुण्यापुसण्याने नळीचे तोंड गेले आणि वडिलांच्या हौसेने नंबर गेला. दोघांनीही ती जपली होती, आणि ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही.

ठसा मारताना आकड्याखालचे पोलाद खोलवर दाबले जाते, म्हणून वरचा आकडा घासला गेला तरी योग्य आम्लद्रावणाने तो काही वेळा पुन्हा उमटवता येतो. ते काम न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे आहे आणि ते परवाना अधिकाऱ्यांच्या आदेशानेच व्हायला हवे. दुकानात परस्पर केले तर उरलेला पुरावाही आम्लात जायचा. मी तपासणीचा लेखी अहवाल दिला, त्यात यंत्रणा उत्तम, तोंड झिजलेले आणि नंबर अनिर्णित अशा तीन नोंदी वेगवेगळ्या लिहिल्या, आणि मालकाकडून अर्ज करवून घेतला. रायफल सध्या पावती करून माझ्याकडेच अनामत आहे. तोंडाचे काम फार वेळाचे नाही आणि त्याला लागणारे हत्यार तयार आहे, पण नंबर ठरेपर्यंत मी तिला तेलाखेरीज काही लावणार नाही.