पत्रिकेतलं क्रियापद

मंगळवार, रात्र

कॅम्पातल्या लग्नाची पत्रिका परवा आली. जाड कागद, वर सोनेरी क्रूस, खाली इंग्रजीत बायबलचं वचन. आई म्हणाली, "वाच की गं, काय लिहिलंय?" मी वाचलं आणि लगेच अर्थही सांगून टाकला. पुरुष आईबापाला सोडतो आणि बायकोला... पुढचा शब्द 'क्लीव्ह'. म्हटलं, चिरणे, दुभंगणे. आई जरा गप्प झाली. मग म्हणाली, "लग्नाच्या पत्रिकेत असलं अभद्र कोण लिहील? नीट बघ की."

मी बघितलं नाही. कुकर लावायला उठले.

रात्री शब्दकोश काढला. ही मुळात दोन क्रियापदं आहेत. जुन्या इंग्रजीत एक क्लेओफान, म्हणजे चिरणे. दुसरं क्लिफियान, म्हणजे चिकटून राहणे. बोलता बोलता झिजून दोन्हींचा उच्चार एक झाला. चिरणाऱ्याचा गोतावळा मोठा. खाटकाचा क्लीव्हर त्याचा, गाईच्या दुभंगलेल्या खुराचं क्लोव्हन त्याचं, लसणाच्या पाकळीला क्लोव्ह म्हणतात तेही त्याच घरातलं. लवंगेचा क्लोव्ह मात्र परका, तो खिळ्यावरून आलाय. चिकटणारं क्रियापद आता कुणी फारसं वापरत नाही. त्याची खूण एवढीच, मागे 'टू' किंवा 'अन्टू' लागतं. १६११ च्या किंग जेम्स बायबलात 'अन्टू' आहे. पत्रिकेतही होतं. माझी नजर त्यावरून तशीच पुढे गेली.

हे दोन्ही अर्थ मला कॉलेजात शिकवले होते. मग तुटण्याचाच आधी तोंडात का आला? दोन दिवस हेच चाललंय डोक्यात. दादा लग्न झालं त्याच वर्षी पुण्याला गेला, त्याचं काही... जाऊ दे.

आई वेगळ्याच शब्दावर अडकली होती. "सोडायचं म्हणून लिहूनच ठेवलंय होय," एवढंच म्हणाली. मला मग फार वाईट वाटलं. जाणाऱ्याला वचन आहे, सोनेरी शाईत छापायला. बाबांच्या औषधाच्या वेळा पाठ असणारीला काय आहे? एखादं क्रियापद तरी?

आहे. काल सापडलं. बायबलातली रूथची गोष्ट. नवरे वारलेल्या दोन सुना, आणि सासू नामी बेथलेहेमला परत निघालेली. अर्पा सासूचा मुका घेते आणि माघारी फिरते; रूथ मात्र तिला 'क्लेव्ह'. तेच क्रियापद, जुन्या भूतकाळात. मी त्याला 'बिलगली' म्हणेन. तीनदा वाचलं. आणि अर्पाला त्या गोष्टीत कुणी दोष देत नाही. सुनांना परत जा म्हणणारी नामीच असते. दादालाही आईच म्हणाली होती, जा.

आपल्या 'सोडणे'त तरी कुठं एकच अर्थ आहे? घर सोडलं, आणि घरी सोडलं. कन्नडात 'बिडु'चंही तसंच, टाकून देणं तेच आणि नेऊन पोचवणंही तेच. १ नोव्हेंबर १९५६ ला आई याच गल्लीत होती. राज्यांच्या सीमा बदलल्या, आमच्या गावाचं मुंबई राज्य गेलं, म्हैसूर राज्य आलं, ती जागची हलली नाही. तेव्हा कुणी कुणाला सोडलं म्हणायचं?

आज भाजी निवडताना तिला चूक सांगितली. चिरणे नव्हे, बिलगून राहणे. तिनं मान हलवली, जणू तिला ठाऊकच होतं. जुडी सोडवत म्हणाली, "चांगलं लिहिलंय की मग. रविवारी मला चर्चला सोड. आणि थांब तिथंच, माझ्याजवळ."