गडग्यावरचा पावसाळा

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, म्हादई नदीच्या खोऱ्यातल्या एका गावात, कुळागर म्हणजे माडा-पोफळीची बाग आणि देवळाकडे जाणारी वाट यांच्यामध्ये जांभ्या दगडाचा एक जुना गडगा, म्हणजे दगडांवर दगड रचून केलेली कुंपणाची भिंत, आहे. वाट रुंद करायची असल्यामुळे तो उकलून थोडा मागे पुन्हा रचायचे ठरले, आणि उकलण्यापूर्वी त्याची चिऱ्यागणिक, म्हणजे एकेका दगडाची, छायाचित्रनोंद करण्याचे काम माझ्याकडे आले. काम देणाऱ्या कार्यालयाचे नाव घेण्याचे कारण नाही. नोंद झाली, बिलही मंजूर झाले; पण गणेश चवथीच्या आदल्या आठवड्यातल्या त्या दिवसाचा निवाडा माझ्या मनात अजून लागलेला नाही.

नोंदीचे छायाचित्रण आणि निसर्गाचे छायाचित्रण हे दोन वेगळे धंदे आहेत आणि मी दोन्ही करतो. नोंदीत कॅमेरा भिंतीशी समांतर ठेवून बाजूबाजूने सरकायचे असते, प्रत्येक छायाचित्रात आधीच्या छायाचित्राचा किमान ६० टक्के भाग पुन्हा यावा लागतो, आणि त्या सामाईक भागातले बारीक बारीक बिंदू जुळवून संगणक अख्ख्या भिंतीची मोजता येईल अशी एकसंध प्रतिमा तयार करतो. भिंतीला लाल-पांढरी मोजपट्टी टेकवलेली असते आणि दर टप्प्याला रंगपट्टीचे, म्हणजे ठरावीक रंगांचे चौकोन छापलेल्या पट्टीचे, एक छायाचित्र काढून ठेवायचे असते. या रंगपट्टीचा अनेक जण आळस करतात, आणि मग जांभ्याचा रंग कुठल्याही दोन चित्रांत सारखा येत नाही. कोरडा जांभा विटकरी असतो, भिजला की तो काळपट जांभळ्याकडे झुकतो. ढगाळ प्रकाशाची निळसर छटा आणि माडा-पोफळीखालची हिरवी झाक त्यावर चढली, की खरा रंग कोणता हे घरी बसून ठरवणे अशक्य होते.

पावसात त्याहून मोठी अडचण चकाकीची असते. ओला दगड आणि ओले पान आकाश परावर्तित करतात, आणि कॅमेरा हातभर सरकला की ती चमकही सरकते, त्यामुळे संगणकाची जुळणी फसते. भिंगावर लावायची पोलरायझर नावाची काच फिरवून ही चमक काढता येते. ती गेल्याबरोबर दगडातली भोके, सांध्यांतली सावली आणि शेवाळाचा हिरवा रंग एकदम वर येतो. तो क्षण मला दर वेळी आवडतो. मात्र पोलरायझर निम्म्याहून अधिक प्रकाश खातो, मग शटर मंद करावे लागते, आणि मंद शटरला वाऱ्यावर हलणारे एकही पान स्थिर सापडत नाही. सत्तरीत, वाळपईच्या बाजूला, पाऊस पणजीहून बराच अधिक पडतो आणि उघडिपीचा वेळ थोडा असतो. वातानुकूलित गाडीतून उतरलो तर भिंगावर धुके धरून त्यातलाही बराच वेळ जातो, म्हणून अशा दिवशी मी गाडीच्या काचा उघड्या ठेवूनच प्रवास करतो.

मी पोहोचलो तेव्हा कोयते आणि तारेचे ब्रश घेतलेले मजूर गडग्याशी उभे होते. देखरेखीवरच्या अभियंत्यांचे म्हणणे साधे होते: भिंत दिसली पाहिजे, म्हणून वरचा झाडोरा खरवडून काढायचा आणि मग छायाचित्रे काढायची. हे काम भर पावसाळ्यात का काढले, या प्रश्नाला त्यांच्याकडे निधीच्या मुदतीपलीकडे उत्तर नव्हते. ज्या भिंतीचे दगड वैशाखात आपोआप उघडे पडतात, ती भाद्रपदात ब्रशने उघडी करण्याचा हा खटाटोप कागदावरच्या तारखांसाठी होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी दुपारपर्यंतचा वेळ मागून घेतला, कारण गडगा त्या दिवशी ऐन बहरात होता. पायथ्याशी तेरडा दाटला होता, वर शेवाळ आणि नेचे होते, एका कोपऱ्यातून कळलावीची लाल-पिवळी फुले वर आली होती आणि माथ्यावर, पाणी झिरपत राहते अशा मातीच्या पातळ थरात, सीतेची आसवे निळीजांभळी पसरली होती. पण गडग्याचे खरे वैभव सांध्यांमधल्या रानटी बेगोनियाचे होते. त्याच्या पानाचे दोन भाग कधी सारखे नसतात, देठाच्या एका बाजूचा भाग मोठा आणि दुसऱ्या बाजूचा लहान असतो. नर फुले आणि मादी फुले वेगळी, पण एकाच झाडावर येतात. नर फुलात पिवळ्या पुंकेसरांचा झुपका दिसतो, तर मादी फुलाच्या पाकळ्यांमागे पंख असलेला बीजकोश असतो. मॅक्रो भिंगातून पाहताना त्या पंखाच्या कडेला थेंब लोंबत होता आणि त्या थेंबात समोरचा चिरा उलटा दिसत होता. वारा पडण्याची वाट पाहत मी त्या एका फुलापाशी बराच वेळ घालवला आणि तो वेळ वाया गेला असे मला वाटत नाही.

संवर्धनाचे काम पाहणाऱ्या वास्तुविशारद मॅडम वयाने तरुण होत्या आणि कामात अतिशय काटेकोर. त्यांनी माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते छायाचित्र पाहिले, मान्यही केले, आणि मग मला त्याच जागी नेऊन नेचे हाताने बाजूला केले. आत सांध्यात पिंपळाचे मूळ शिरलेले होते आणि त्याने वरचा चिरा दोन बोटे बाहेर लोटला होता. "सर, पुढचा पावसाळा हा चिरा काढणार नाही. तुमच्या चित्रात झाड छान आहे, पण फट कुठे आहे?" असे त्या म्हणाल्या. फट खरोखरच दिसत नव्हती. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी सांध्यात पडते, रोप उगवते आणि काही वर्षांत मूळ भिंत फोडते. पिंपळ-वडाच्या बाबतीत दयामाया करून चालत नाही, हे त्यांचे म्हणणे मला तेव्हाही पटले आणि आजही पटते.

मात्र कागदावरच्या सूचनेत पिंपळ, नेचा, शेवाळ आणि बेगोनिया यांत काहीच फरक नव्हता. तिथे सगळा एकच झाडोरा होता. फरक केला तो एका मजुराने. तो त्याच गावचा होता. त्याने पिंपळाचे रोप ओढले नाही, मुळाशी कापले. "बाब, ओढलं की चिरा हलतो. कापून ठेवायचं आणि मूळ मारायचं औषध वर लावायचं," असे त्याने मला सांगितले. पुढच्या सांध्यात बेगोनिया होता. त्याने पाने खुडली, बोटाने माती उकरली आणि आतला फुटाण्याएवढा कंद मला दाखवून पुन्हा त्याच मातीत दाबला. ही झाडे पावसाबरोबर येतात आणि पावसाबरोबर वाळून जातात; उरलेले वर्ष हा कंद सांध्यात पडून असतो. तारेचा ब्रश आत गेला तर कंद मातीसकट बाहेर येतो आणि पुढच्या वर्षी तिथे काही उगवत नाही. त्या माणसाला हे कोणी शिकवले नव्हते आणि त्याला कोणी विचारलेही नव्हते. दिवसभरात तिथे जमलेल्या आम्हा सगळ्यांत गडग्याची सर्वात अचूक जाण त्याला होती, हे मी जबाबदारीने लिहितो.

शेवटी तडजोड झाली. पिंपळाची रोपे सगळीकडची कापायची, आणि बाकीचे अर्ध्या लांबीतले हातांनी काढून अर्ध्या लांबीत ठेवायचे. उघड्या झालेल्या अर्ध्यानेही मला पुष्कळ दिले. कडेने, भिंतीला जवळजवळ घासून जाईल असा फ्लॅश टाकल्यावर वरच्या थरांतल्या चिऱ्यांवर हत्याराचे तिरपे घाव उठून दिसले. खालचे थर मात्र न घडवलेल्या, जसे मिळाले तसे रचलेल्या दगडांचे होते. म्हणजे हा गडगा निदान दोन वेळा रचला गेला आहे. सांध्यांत कुठेही चुना नव्हता. खणीतून काढताना जांभा मऊ असतो, हाती हत्याराने कापता येतो आणि हवेत राहून कठीण होतो. तो घडवणाऱ्या हातांची खूण इतक्या वर्षांनंतर इतकी ठळक मिळणे ही साधी गोष्ट नव्हे. जुने गोवे येथे सेंट ऑगस्टिन चर्चचा ४६ मीटर उंचीचा मनोरा याच जांभ्याचा आहे. त्या चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले, तरी मनोऱ्याचे छायाचित्र रोज कोणी ना कोणी काढतेच. गावच्या गडग्याकडे कॅमेरा वळतो तो त्याला पाडायचे ठरल्यावर.

दोन्ही अर्ध्या भागांची चित्रे मी सादर केली. उघड्या भागाची स्वीकारली गेली आणि फुलांच्या भागाची "झाडोऱ्यामुळे नोंदीस निरुपयोगी" असा शेरा मारून परत आली.

त्या परत आलेल्या चित्रांवरच मी अजून अडकलो आहे. घरी ती सलग जोडून पाहताना माझ्या लक्षात आले की बेगोनिया आणि शेवाळ भिंतीवर वाटेल तसे पसरलेले नाहीत. कुळागराचे पाणी ज्या ज्या सांध्यांतून वाटेकडे झिरपते, तिथे तिथे ते दाट आहेत, आणि जिथे झिरप नाही तिथे दगड जवळजवळ उघडा आहे. उघड्या केलेल्या भागात ही माहिती उरलेलीच नाही. तिथे सांधे सुबक दिसतात, पण पाणी कुठून जाते ते दिसत नाही. पुनर्रचनेच्या आराखड्यात चिरे सिमेंटमध्ये बसवायचे आहेत. कोरड्या रचलेल्या गडग्यातून पाणी वाट काढते, सिमेंटने बुजवलेल्या भिंतीमागे ते तुंबते आणि भिंतीला ढकलते. कुळागराच्या उताराला लागून असलेल्या भिंतीत हा प्रश्न सौंदर्याचा मुळीच नाही.

मॅडमना मी ही चित्रे दाखवली, तेव्हा त्यांनी झिरपीच्या जागा स्वतः मोजून आपल्या अहवालात जोडल्या आणि रचना कोरडीच ठेवावी अशी शिफारस केली. बेगोनियाचे कंद असलेली माती वेगळी काढून पुन्हा सांध्यांत भरावी, ही माझी विनंती त्यांनी घेतली नाही, कारण त्यांच्या मते मातीबरोबर पिंपळाची मुळेही परत जातील. कंद हाताने निवडता येतात, असे माझे म्हणणे आहे. त्या मजुराने ते माझ्यासमोर करून दाखवले होते. यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. शिफारशीसोबत मी नाकारलेली सगळी छायाचित्रे सांध्यांचे क्रमांक घालून पुन्हा पाठवली आहेत. कार्यालयाकडून उत्तर आलेले नाही, आणि चिऱ्यांवर क्रमांक रंगवायला मात्र सुरुवात झाली आहे.