कशावर होता संदेश?

रविवारी दुपारी घरची मंडळी चर्चमधल्या उपासनेहून आली. चपला दारात, गीतांची पुस्तकं फ्रिजवर. मी सासूबाईंच्या खोलीतूनच पाळकांच्या प्रवचनाची चौकशी केली, "कशावर होता संदेश?" लेक फ्रिजमध्ये डोकं घालत म्हणाला, "प्रेमावर."

झालं. ज्याचं लक्ष नसतं तो प्रेमावर म्हणतो. हे उत्तर सहसा चुकत नाही. आम्ही भावंडांनी आत्यावर ते वर्षानुवर्षं चालवलं होतं.

आजोबा अर्धांगवायूनं खाटेला खिळलेले. रविवारी सकाळी आत्या आमचे फ्रॉक, शर्ट इस्त्री करायची, दानाची नाणी मुठीत द्यायची आणि नाशिकच्या शरणपूर या ख्रिस्ती वस्तीतल्या त्या जुन्या घरात मागे राहायची. आत्या घरी थांबते, हे गोदावरी पूर्वेला वाहते इतकं ठरलेलं. आम्ही आलो की पहिला प्रश्न हाच. "प्रीतीवर होता." "कुठली प्रीती? योहानाची की करिंथची?" म्हणजे बायबलातल्या कुठल्या पुस्तकातली. मग आमची दातखीळ. एकदा धाकट्यानं अख्खा संदेश रचून सांगितला. त्यात माशानं गिळलेला योना नोहाच्या तारवात चढला होता. आत्यानं शांतपणे शेवटपर्यंत ऐकला, "छान बोलले हो पाळकसाहेब," म्हणाली आणि त्याला एक लाडू जास्त दिला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर त्याच्याकडून योनाचे चारही अध्याय मोठ्यानं वाचून घेतले.

आत्या कधी कुरकुरली नाही. कुणी हळहळलं की म्हणायची, "अहो, याच शरणपुरात मिशननं गुलामीतून सोडवलेली आफ्रिकेची पोरं वाढवली. समुद्रापलीकडची लेकरं सांभाळली गेली, मला माझ्या बापाचं काय जड आहे?" आणि तिचा आवडता उतारा मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय. आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलं, असं सांगून हात झटकणाऱ्यांना प्रभू येशूनं तिथं चांगलंच सुनावलंय. वधस्तंभावर जीव जात असतानाही त्यानं आईची सोय लावली, तिला शिष्याच्या हवाली केलं, हेही ती हटकून सांगायची. देवळाची घंटा ऐकू आली की आजोबांची मान उशीवर नीट करायची आणि दाढीचं पाणी ठेवायची.

आमच्या घरी आता सासूबाईंसाठी पाळ्या आहेत. कागद फ्रिजवर चिकटवलाय. माझी पाळी आली की जावा हळहळतात, "अगंबाई, तुझी उपासना चुकणार." मीही चेहरा पाडते. खरं सांगू? मला ते दोन तास फार आवडतात. थंडीत आमच्या गॅलरीत छान ऊन येतं. सासूबाईंना पुसून, वेणी घालून तिथं बसवते. त्या ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं एखादं गीत मधूनच धरतात, दुसऱ्या ओळीला सोडतात, पुन्हा पहिलीवर येतात. मी आल्याचा चहा करते, तोही फक्त दोघींपुरता. दाराची बेल वाजत नाही, कुणाला मोजे सापडत नाहीत असं होत नाही. आता याला त्याग म्हणायचं म्हणजे जरा अतीच.

टिळकांवरून आठवलं. त्यांच्या पत्नी, 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई, आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. टिळकांचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होणं, १८९५ सालचं, लक्ष्मीबाईंचं १९००चं. मधली वर्षं त्यांनी कशी काढली ते मराठी वाचकाला मी काय सांगू! पुढे टिळक दिसेल त्या अनाथाला घरी आणायचे. आत्या म्हणायची, "टिळक थोरच. पण भाकऱ्या कोण थापत होतं?"

परवा एका लग्नाला गेले होते. पौलाच्या इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचला. 'स्त्रियांनो, अधीन असा' इथं वाचणाऱ्याचा आवाज खणखणीत, आणि पंचविसाव्या वचनाशी येईपर्यंत मंडप जेवणाकडे वळलेला. तिथं तर पौलानं नवऱ्यांना सांगितलंय, ख्रिस्तानं मंडळीसाठी, म्हणजे आपल्या चर्चसाठी, स्वतःला दिलं तशी बायकोवर प्रीती करा. जीव ओवाळून टाकायची आज्ञा तिथं पुरुषांना आहे. आमच्याकडे ती बायकांच्या वाट्याला कधी आली, कुणास ठाऊक. तीही शक्यतो बिनलग्नाच्या बहिणीच्या.

आत्याचं अक्षर सुंदर होतं, गळा चांगला होता, गायकवृंदात ती सहज शोभली असती. आमच्या घरात तीन काका होते, बाबा होते, सगळे धडधाकट, सगळे प्रार्थनेचे. दानाच्या थाळीत कधी कमी पडू दिलं नाही त्यांनी. पण आज मी बसतो, तू जाऊन ये, असं त्यातल्या एकाही पुरुषाला एकाही रविवारी सुचलं नाही.