हातात ७ किलोच

आमचं दुकान सावंतवाडीत, चितारआळीच्या जवळच. कोकम, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), मालवणी मसाला, फणसपोळी, काजू, खाजा, कुळथाचं पीठ. पूर्वी गिऱ्हाईक रेल्वेने नाहीतर रात्रीच्या बसने जायचं, तेव्हा "नीट बांधून द्या" एवढंच सांगायचं. २०२३ च्या जानेवारीत गोव्यातल्या मोपा विमानतळावरून विमानं उडायला लागली आणि गिऱ्हाइकाचा प्रश्न बदलला. आता विचारतात, "वयनी, ह्यां हातात चलतला मां?"

मी सरळ सांगते, नाही चालणार. आणि एखाद्या वेळी कुणी अडवलं नाही, तरी नेऊ नका. हे ऐकून काहीजण नाराज होतात. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

देशातल्या विमानप्रवासात हातातली बॅग एक, वजन ७ किलोपर्यंत. सोबत पर्स किंवा लॅपटॉप असं काही लहानसं. आता हापूसचा हिशोब करा. फळ २५० ग्रॅमचं धरलं तर डझनाचे ३ किलो, दोन डझनांचे ६. वर पुठ्ठ्याचा खोका आणि पेंढा. म्हणजे दोन डझन आंबे हातात घेतले की तुमचे ७ किलो तिथेच संपले, कपड्यांची बॅग अजून बाहेरच आहे. तरी मे महिन्यात मोपाच्या रांगेत उभं राहून बघा. एका हातात आंब्याचा खोका, दुसऱ्या हातात ट्रॉली, पाठीवर सॅक, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीतून डोकावणारी आगळाची बाटली.

अमेरिकेत लोक सगळं सामान हातात का कोंबतात ते मला समजू शकतं. २००८ साली तिथल्या एका मोठ्या कंपनीने विमानाच्या पोटात जाणाऱ्या पहिल्याच बॅगेला पैसे लावले, मग बाकीच्यांनी लावले, आणि पैसे वाचवायला माणसं बॅगा वर न्यायला लागली. आपल्याकडे तसं नाही. देशातल्या बहुतेक तिकिटांत १५ किलोची बॅग धरलेलीच असते. मग आपण का नेतो? मी गिऱ्हाइकांना विचारते, म्हणून मला कारण माहीत आहे. भीती. "खालच्या बॅगेत घातलंय तर बाटली फुटतली." "ते लोक बॅगा आपटतात." थोडी घाईही असते, उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहायचं नसतं. पण आमच्या माणसांत मुख्य म्हणजे भीतीच. आईने स्वतः मीठ लावून मुरवलेलं आगळ परक्याच्या हातात द्यायला जीव होत नाही. ही भीती मला खोटी वाटत नाही. पण तिच्यावर उपाय आहे, आणि तो डोक्यावरचा कप्पा नव्हे.

त्या कप्प्यात जागा किती असते ते चढताना कुणी बघत नाही. आपल्या सीटच्या वर आहे म्हणजे तो आपला, अशी समजूत असते. खरं तर तो तीन-तीन सीटच्या रांगांमध्ये वाटलेला असतो. एकाने खोका, ट्रॉली आणि सॅक तिन्ही वर चढवली की मागून येणाऱ्या दोघांचं सामान कुठे जायचं? मुलीकडे बंगळूरला जाताना हे मी डोळ्यांनी पाहिलं. एक वयस्कर गृहस्थ, काठी घेऊन, सर्वांत शेवटी आले. आठव्या-नवव्या रांगेत त्यांची सीट. हातात एकच छोटी बॅग, तीत औषधं. वर जागा नव्हती. ती बॅग पार मागच्या कप्प्यात ठेवावी लागली. उतरताना ते मागे जाऊ शकेनात, कारण सगळं विमान पुढे येत होतं. शेवटचा माणूस उतरेपर्यंत ते बसून राहिले. ज्याच्या तीन बॅगा त्यांच्या डोक्यावर होत्या तो केव्हाच निघून गेला होता. त्या माणसाने नियम मोडला म्हणून मला राग आला नाही, तो कुणाची जागा खातो आहे हे त्याने एकदाही वळून पाहिलं नाही म्हणून आला.

चिपीला, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गच्या विमानतळावर, जाणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळायला हवं. तिथे एटीआर ७२ जातीची पंख्यांची विमानं उतरतात. एका बाजूला दोनच सीट, छत खाली, वरचा कप्पा उथळ. मोठ्या विमानात सहज जाणारी ट्रॉली इथे अडकते. माणसं मागच्या दाराने चढतात आणि सामानाची मोठी जागा पुढे, वैमानिकांच्या मागे असते. दारापाशी बॅग काढून घेतात तेव्हा वाद घालू नका, मात्र एक गोष्ट आठवणीने करा. तिच्यातली पॉवर बँक आणि सुटी बॅटरी काढून हातात घ्या. लिथियमची बॅटरी पोटातल्या सामानात नेत नाहीत, कारण तिथे ती पेटली तर विझवायला कुणी नसतं. औषधं, चष्मा, कागदपत्रं पण तेव्हाच काढायची. म्हणून या वस्तू आधीच एका लहान पिशवीत वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवीन जातीच्या मोठ्या विमानाला परवानगी देण्याआधी सिद्ध करावं लागतं की अर्धेच दरवाजे वापरून सगळी माणसं ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात. त्या हिशोबात कुणी बॅग काढत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये तिरुवनंतपुरमहून गेलेलं विमान दुबईला धावपट्टीवर आपटलं आणि पेटलं. आतले तीनशेही जण वाचले, पण आतली चित्रफीत पाहिली तर अंगावर काटा येतो. धूर भरतो आहे, कर्मचारी ओरडत आहेत आणि माणसं वरचे कप्पे उघडून बॅगा काढत आहेत. आग विझवणारा एक जवान त्या दिवशी गेला. याच्या उलट टोकियोचं हानेदा विमानतळ, २ जानेवारी २०२४. उतरताना विमान तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर धडकलं, त्या छोट्या विमानातले पाचजण गेले. मोठ्या विमानात ३७९ माणसं होती, सगळी जिवंत बाहेर आली. सामान तसंच टाकून आली. मी बंगळूरच्या विमानात बसते तेव्हा हे दोन्ही प्रसंग माझ्या डोक्यात असतात, आणि वाटेत पायाशी कोंबलेला आंब्याचा खोका दिसला की मी त्या माणसाला सांगते. नम्रपणे, पण सांगते.

तर भीतीवरचा उपाय. आगळ काचेच्या बाटलीत नेऊच नका, जाड प्लास्टिकची बाटली घ्या. काठोकाठ भरायची नाही, वर दोन बोटं जागा सोडायची, कारण वर हवेचा दाब बदलतो आणि भरलेली बाटली पाझरते. तोंडावर प्लास्टिकचा तुकडा, त्यावर झाकण घट्ट, त्यावर चिकटपट्टी. मग एकात एक दोन पिशव्या, आणि जुन्या सुती लुंगीत गुंडाळून बॅगेच्या मधोमध, चारी बाजूंनी कपडे. लोणच्यालाही हेच. मसाला आम्ही पाकिटात सील करून स्टीलच्या डब्यात देतो. आंबे घट्ट असतानाच घ्या, प्रत्येक फळ वर्तमानपत्रात, खोक्याला भोकं, आत पेंढा, आणि खोका पोटातल्या सामानात. सुकट नेणाऱ्यांनी तर हातात नेण्याचा विचारही करू नये. बंद विमानात तो वास सगळ्यांनी का सोसायचा? खाजा आणि खेळण्यातली लाकडी फळं मात्र खुशाल हातात न्या, हलकी असतात आणि दाबली तर मोडतात.

सुकं खोबरं बॅगेत घालू नका. त्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून विमानतळावर काढून ठेवतात. विळी कुणी घेतली असेल तर तीसुद्धा पोटातल्या बॅगेतच, पातं पुठ्ठ्यात बांधून.

विमानतळावरच्या लोकांनाही माझं एक सांगणं आहे. सुतळीने बांधलेला खोका घेऊन आलेल्या म्हातारीला लगेच थांबवतात, काट्यावर चढवतात. शेजारून चाकांची गुळगुळीत बॅग आणि फुगलेली सॅक घेऊन गेलेल्याला कुणी विचारत नाही, आणि त्याचं वजन बहुतेक वेळा तिच्यापेक्षा जास्त असतं. नियम कडक ठेवा, मला तो हवाच आहे. पण काटा सगळ्यांसाठी एकच असू दे आणि सगळ्यांच्या समोर असू दे.

आणि देणाऱ्या माणसांना, म्हणजे आमच्याच घरातल्या आया, काकू, आत्यांना. गाडी अंगणात उभी असते, बॅग बंद झालेली असते, आणि तेव्हा आतून अजून एक पिशवी येते. "एवढाच घे गो, जड नाय." घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, आणि ती पिशवी जाते हातात. प्रेमाने दिलेलं आहे, पण आदल्या रात्रीच द्या. विचारून द्या, अजून किती किलो बसतील. गणपतीला आणि मे महिन्यात आमच्या दुकानात डिजिटल काटा बाहेरच ठेवलेला असतो. आमच्याकडून काही घेतलं नसलं तरी बॅग आणून तोलून बघा, पैसे लागत नाहीत. १५ किलोच्या वर गेलं तर उरलेलं पार्सलने पाठवता येतं. कोकम आणि मसाल्याला चार दिवस उशीर झाला तरी काही होत नाही.