बार्शी लाईट, एकास सत्त्याऐंशी

घरी कोणी आलं आणि त्यांना माडीवरचा प्लायवूडचा फळा दाखवला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "घाट कुठाय?" आगगाडीचं मॉडेल म्हटलं की बोगदा, दरी, जमल्यास धबधबा हवाच. खरं तर आम्हा सोलापूरकरांची घाटाशी ओळख झोपेतली. मुंबईची सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री सुटते आणि भोर घाट येतो तेव्हा आख्खा डबा घोरत असतो. २०२३ मध्ये वंदे भारत सुरू झाली तेव्हा कुठे तो आम्हाला उजेडात दिसायला लागला. सुंदर आहे, नाही कशाला म्हणू? पण माझ्या फळ्यावर आहे आमच्याकडची जुनी छोटी रेल्वे, बार्शी लाईट, आणि तिच्याभोवतीचं माळरान आणि ते मला दोन वर्षं जमत नव्हतं.

हा रोग मला पुण्यातून लागला. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे, तिथे एकदा गेलो आणि परत येताना डोक्यात फक्त रूळ होते. मग मापांचा घोळ कळला. सर्वांत प्रचलित माप एचओ, म्हणजे खऱ्याच्या एकास सत्त्याऐंशी. त्याचे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतरावर असतात. हे युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांना बरोबर बसतं. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. त्याला जवळपास सव्वाएकोणीस मिलिमीटर लागतील आणि तसे तयार रूळ बाजारात मिळत नाहीत. म्हणून बाजारच्या रुळांवर भारतीय गाडी उभी केली की ती घट्ट चपला घातल्यासारखी दिसते.

पण बार्शी लाईटचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, होतं अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. भागिले ८७ केलं, तर पावणेनऊ. आणि एचओहून लहान अशा 'एन' मापाचे रूळ मिळतात बरोबर नऊ मिलिमीटरचे. चूक फक्त पाव मिलिमीटरची! हे गणित सुटलं त्या रात्री मी बायकोला उठवून सांगितलं होतं. तिचं उत्तर इथे देत नाही.

तर रंग आणि माती बघायला एका शनिवारी निघालो. सोलापूर ते कुर्डुवाडी ऐंशीएक किलोमीटर. पाकणी गेलं, सीनेचा पूल गेला, मोहोळ, माढा. हा रस्ता लोक मोबाईलमध्ये मान घालून काटतात. मी खिडकीत वही घेऊन बसलो आणि लक्षात आलं, की आपण ज्याला सरसकट 'वाळलेलं' म्हणतो त्यात रंग बरेच आहेत. कापणी झालेल्या ज्वारीची धसकटं राखाडी, कुसळी गवत जवळजवळ पांढरं, मुरूम तांबूस आणि मध्येच एखादं नांगरलेलं काळं रान. बाभळी मात्र मी चुकीच्या केल्या होत्या. माझ्या बाभळी छत्रीसारख्या गोल. खऱ्या एका अंगाने चरलेल्या, शेळीची मान पोचते तिथवर साफ.

कुर्डुवाडीचं जुनं नाव बार्शी रोड. आपल्याकडे स्टेशनच्या नावात 'रोड' आलं, की गाव लांब आहे असं खुशाल समजावं. मुंबईहून आलेली मोठी लाईन बार्शीसारख्या कापसाच्या पेठेला बाजूला टाकून पुढे गेली, म्हणून एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली इथून बार्शीपर्यंत छोटी लाईन टाकली. १९०६ ला ती पंढरपूरला गेली, १९११ ला लातूरला, १९२७ ला मिरजेला. कॅलथ्रॉपचा हट्ट असा, की इंजिन असो की डबा, कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन पडता कामा नये, म्हणजे हलक्या रुळांवर भरपूर माल नेता येतो. पुढे याच माणसाने विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट बनवलं. वजन आणि उतार यांचा विचार त्याच्या डोक्यातून कधी गेलाच नसावा.

आता ही सगळी लाईन ब्रॉडगेज आहे. मिरजेच्या गाडीत बसलो. मोडनिंब, मग भीमेचा पूल आणि पंढरपूर. तिथे अर्धा डबा रिकामा झाला आणि समोर एक आजोबा येऊन बसले. सांगोल्याचे, डाळिंबवाले. माझी वही बघून म्हणाले, "सर्वे हाय का?" मी छोट्या गाडीचं सांगितलं. आजोबा एकदम खुलले. गुडघ्याला गुडघा लागायचा, म्हणाले. डोळ्यात कोळशाचा कण गेला, की आई पदराचा बोळा करून त्यावर फुंकर घालायची आणि ऊन ऊन डोळ्याला लावायची. बाहेर एक बुटका भराव आमच्यासोबत जरा वेळ पळाला आणि शेतात विरून गेला. "ती जुनी वाट," ते म्हणाले.

मी वही सरसावली. "आजोबा, डबे कुठल्या रंगाचे होते?"

"आरं, रंग कशाचा? धुळीचा!"

माझे डबे गेले चार महिने झकास तांबड्या रंगात चमकत होते.

सांगोल्याला आजोबांबरोबर मीही खाली उतरलो. खिशात शेंगाचटणीची रिकामी डबी आणि चमचा. प्लॅटफॉर्मच्या टोकाला उकिडवा बसून माती भरत होतो, तेवढ्यात गणवेशातले एक गृहस्थ मागे उभे. "काय उकरताय?" "माती." "कशाला?" "आगगाडीला." त्यांनी गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बसा गाडीत, सुटतीय."

जत रोड, कवठे महांकाळ, मिरज. हा भाग द्राक्षांचा आणि हिरवा. माझ्या कामाचा नाही, म्हणून झोपलो.

घरी आल्यावर माती चहाच्या गाळणीतून चाळली. तिच्यावरून लोहचुंबक फिरवावं लागतं, कारण आपल्या मातीत लोहाचे बारीक कण असतात आणि ते इंजिनाच्या मोटारीला जाऊन चिकटतात. चुंबकाला खरंच काळी मिशी फुटली. मग फेव्हिकॉलात पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, ड्रॉपरने रुळांच्या कडेला. ओली माती गडद दिसते, तेव्हा घाबरायचं नाही. सकाळपर्यंत ती उजळली. रुळांखालचे आडवे स्लीपर अर्धे मातीत बुडाले, तसे ते एनचे, बारीक आणि दाटीने लावलेले आहेत हेही झाकलं गेलं.

उरलेली माती मऊ ब्रशने डब्यांच्या टपांवर, खिडक्यांखाली चोळत बसलो होतो, तेवढ्यात बायको चहा घेऊन वर आली.

"अहो, घरात काय कमी धूळ होती, म्हणून सांगोल्याहून आणलीत?"